चांगल्या सवयींना पोषक परिसर

(मये, तालुका डिचोली येथे ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तसा घरगुती आहे. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. गरज आहे ती आपल्या अवतीभवती डोळसपणे पाहण्याची. संकल्प आपण सारेच करतो. गुढीपाडव्याला करतो, चतुर्थीला करतो, वाढदिवसाला करतो. दहावीतला मुलगा म्हणतो, उद्यापासून पहाटे उठून अभ्यास करीन. गृहिणी ठरविते, दरमहा काही रक्कम बाजूला टाकीन. एखादा कष्टकरी देवापुढे नारळ ठेवून शपथ वाहतो की, आजपासून दारूला शिवणार नाही. हे सारे संकल्प मनापासून केलेले असतात. परंतु महिना लोटला की त्यांतले फारच थोडे उरतात. मग आपण काय म्हणतो? मुलगा आळशी आहे, बाईचा हात सैल आहे, त्या माणसाला मनोनिग्रहच नाही.

मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे ते एवढेच की, मनाला दोष देण्यापूर्वी त्या माणसाच्या घराच्या चार भिंती, त्याची वाट, त्याची संगत आणि त्याची संध्याकाळ एकदा तपासून पाहावी. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या खोलीतच दूरदर्शन संच चालू असेल, बचत करणाऱ्या बाईचे पैसे डब्यात सहज हाती लागत असतील आणि कामावरून परतणाऱ्या माणसाच्या वाटेवरच मद्याचे दुकान असेल, तर त्या तिघांनाही रोज नव्याने युद्ध करावे लागते. रोजचे युद्ध कोणीच जिंकत नाही. युद्धाची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था करणे हा खरा शहाणपणा होय.

ज्ञानदेवांनी वर्णिलेले स्थान

हा विचार आपल्याला नवा नाही. इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे निरूपण आहे. अभ्यासाची रीत सांगण्याआधी ज्ञानदेव स्थान कसे असावे याचे सविस्तर वर्णन करतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्थान असे असावे की, तेथे बसल्यावर उठावेसे वाटू नये. वाट चुकून आलेल्या नास्तिकालाही तेथे तप करावेसे वाटावे आणि विलासी माणसालाही राज्य सोडून येथेच राहावे अशी इच्छा व्हावी. झाडी, पाणी, मंद वारा, निवांतपणा या साऱ्यांचा ते उल्लेख करतात.

याचा अर्थ काय? मन बळकट असेल तर कोठेही बसून साधना होईल, असे म्हणून ज्ञानदेवांनी साधकाला वाऱ्यावर सोडले नाही. साधकाच्या मनाला जागेने हात द्यावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. योग्यासाठी जे खरे, ते शाळकरी मुलासाठी खरे नसेल काय?

धोंडांचे व्रत

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. मये गावाची महामाया, मुळगावची केळबाई आणि शिरगावची लइराई या बहिणी होत, अशी आपल्या भागातील लोकश्रद्धा आहे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावी लइराईची जत्रा भरते आणि धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. दूरवरचे लोक ते अग्निदिव्य पाहून थक्क होतात. परंतु मला त्या रात्रीपेक्षा तिच्या आधीचे दिवस अधिक विचार करावयास लावतात.

धोंड जत्रेपूर्वी काही दिवस व्रतस्थ राहतात. ते नेहमीचा संसार बाजूला ठेवून इतर धोंडांच्या संगतीत राहतात. स्नान, सोवळे, शाकाहारी अन्न यांचे नियम पाळतात. मद्याचे नावही काढीत नाहीत. हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा, यांमुळे तो माणूस व्रतस्थ आहे हे पाहणाऱ्यालाही कळते आणि त्याचे त्यालाही क्षणोक्षणी आठवत राहते.

एरवी ज्याची संध्याकाळ पेल्यावाचून सरत नाही, असा माणूसही हे दिवस सहज निभावून नेतो, हे आपण पाहिले असेल. देवीवरची श्रद्धा हे त्याचे पहिले कारण, यात शंका नाही. परंतु त्या श्रद्धेला आपल्या पूर्वजांनी किती आधार दिले आहेत, तेही पाहा. जागा बदलली, संगत बदलली, ताट बदलले, दिनक्रम बदलला, वेष बदलला आणि सोबतीला त्याच मार्गावरचे शेकडो सोबती दिले. अशा स्थितीत व्रत मोडणे हेच अवघड होऊन बसते. उलट, जत्रा संपली, माणूस जुन्या वाटेने जुन्या संगतीत परतला की जुनी सवयही परतते. देवी तीच, माणूस तोच. बदलला तो परिसर.

आपल्या लोकजीवनात अशा व्यवस्था जागोजाग आहेत. पौष महिन्यात धालो खेळण्यासाठी स्त्रिया मांडावर जमतात. मांड ही गावची पवित्र जागा. तेथे पाऊल ठेवले की दिवसभराच्या कामाने थकलेल्या बाईच्याही तोंडी गाणे येते. भजनी सप्ताहाचेही तसेच. अहोरात्र भजन चालू ठेवणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. परंतु प्रहर वाटून घेतले, ज्याची त्याची पाळी ठरली की तेच काम वर्षानुवर्षे चालते. सांजवेळी तुळशीपुढे दिवा लागतो, कारण वृंदावन अंगणात, डोळ्यांसमोर आहे. ते घरामागे अडगळीत असते तर दिव्याची आठवण किती घरांत राहिली असती?

शास्त्रज्ञांना काय आढळले

आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जे जाणले, त्याला अलीकडच्या संशोधनानेही दुजोरा दिला आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे अनेक सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने अभ्यास केला. तेथे असताना सुमारे पाचांपैकी एक सैनिक व्यसनाधीन झाला होता. हे लोक परतल्यावर काय होईल, या चिंतेने सरकारला ग्रासले होते. परंतु व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षभरात पुन्हा व्यसनात सापडलेल्यांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास निघाले. युद्धभूमी, तेथील ताण, सहज मिळणारे मादक द्रव्य आणि तीच संगत हे सारे मागे पडले होते; घर, काम आणि कुटुंब समोर होते. परिसर हे एकच कारण होते असे नव्हे. परंतु ते मोठे कारण होते, हे मान्य करावे लागते.

दुसरा प्रयोग लहान मुलांचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी साठोत्तरी वर्षांत बालवाडीतील मुलांपुढे खाऊ ठेवला आणि थोडा वेळ वाट पाहिल्यास अधिक चांगला खाऊ मिळेल, असे सांगितले. खाऊ डोळ्यांसमोर असताना मुलांचा धीर लवकर सुटे. तो दृष्टीआड असताना तशीच मुले पुष्कळ अधिक वेळ थांबत. शिक्षकबंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. केवळ खाऊ दृष्टीआड झाला होता.

तिसरी गोष्ट काळाची. लंडन येथील संशोधकांनी ९६ व्यक्तींचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज ठरावीक प्रसंगाला जोडून एखादी नवी गोष्ट केली, तर ती अंगवळणी पडावयास सरासरी ६६ दिवस लागतात, असे त्यांना आढळले. कोणाला १८ दिवस पुरतात, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सारे वाया जात नाही, हेही त्यांत दिसून आले. म्हणजे आठवडाभरात निराश होण्याचे कारण नाही. दोन-अडीच महिने परिसराने साथ दिली तर पुढे सवय आपल्या पायांवर उभी राहते.

सात वाजताचा भोंगा

आता एका संपूर्ण गावाचे उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत शाळा बंद होत्या आणि शिक्षण भ्रमणध्वनीवरून चालले होते. शाळा पुन्हा उघडल्या. पण मुलांच्या हातांतला भ्रमणध्वनी सुटेना. संध्याकाळी मोठी माणसे मालिकांपुढे आणि मुले पडद्यापुढे, असा प्रकार सुरू झाला. शिक्षकांची तक्रार होती की मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

अशा वेळी प्रत्येक बापाने आपल्या मुलाला दटावले असते तर काय झाले असते? मुलगा म्हणाला असता, शेजारच्या घरात तर चालू आहे. तो खोटेही बोलला नसता. म्हणून गावाने एकत्र विचार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. घरोघरचे दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद होतात. मुले पुस्तक घेऊन बसतात, मोठी माणसे वाचतात वा बोलतात. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा वाजतो.

हे पहिल्याच दिवशी जमले नाही. प्रारंभी काहींना ही कल्पना हास्यास्पद वाटली. मग अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, पंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी गेले व त्यांनी लोकांना समजाविले. स्त्रियांनी आपल्या मालिकांचा मोह बाजूला ठेवून पुढाकार घेतला. त्यानंतर या गावाचे नाव देशाबाहेरही गेले.

यातून तीन बोध घेण्याजोगे आहेत. पहिला, वेळ ठरावीक आणि थोडी आहे. दीड तासाची शिस्त कोणालाही झेपते. दुसरा, खूण सर्वांना ऐकू येते. प्रत्येकाने घड्याळ पाहून स्वतःला बजावण्याची गरज उरत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, मोठ्यांनी आधी आपला संच बंद केला. बाप स्वतः भ्रमणध्वनी पाहत मुलाला अभ्यास कर म्हणत राहिला, तर तो भोंगा कितीही मोठा असला तरी निष्फळ ठरेल.

कुलूपबंद कपाट आणि उघडे पुस्तक

शिक्षकबंधूंसाठी दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील भिलार गावाचे. पाचगणीजवळचे हे गाव स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होते. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्र शासनाच्या या उपक्रमात गावातील घरे, मंदिर, शाळा, निवासस्थाने अशा पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. जो येईल त्याने पुस्तक काढावे, तेथेच बसून वाचावे.

आपल्याकडेही पुस्तकांचा अगदीच दुष्काळ आहे असे नाही. अनेक शाळांतून चांगली पुस्तके असतात. परंतु ती कपाटात असतात, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याजवळ असते ते गुरुजी रजेवर असतात! पुस्तक हरवेल या भीतीने आपण वाचकच हरवून बसतो. वर्गात दोरी बांधून तिच्यावर वीस पुस्तके टांगली आणि मुलांना हवे ते काढून घेण्याची मुभा दिली, तर त्यांतली दोन फाटतीलही. पण अठरा वाचली जातील. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा आहे, असे मी मानतो. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही अशा फाटलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला धारेवर धरू नये, ही माझी नम्र विनंती आहे.

उभी बाटली, आडवी बाटली

मद्यपानाविषयी बोलताना आपण बहुधा उपदेशावर थांबतो. महाराष्ट्रातील स्त्रियांनी निराळा मार्ग धरला. तेथे शासनाच्या नियमांनुसार गावातील किमान चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाबाबत मतदान घेता येते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होते. अनेक गावांतील स्त्रियांनी अशी बाटली आडवी केली. नवऱ्याचे मन वळविण्यात ज्यांचा अर्धा जन्म गेला, त्यांनी नवऱ्याची वाट बदलली.

गोव्याची स्थिती निराळी आहे आणि येथील कायदेही निराळे आहेत. परंतु तत्त्व तेच. दारू सोडू इच्छिणाऱ्याला घरच्यांनी एवढे तरी साह्य करावे: घरात बाटली ठेवू नये, लग्नकार्यात त्याला आग्रह करू नये, दुकानावरून न जाणारी वाट त्याने धरावी आणि संध्याकाळच्या त्या विशिष्ट वेळी त्याच्या हाताला काही काम द्यावे, मग ते कुळागराला पाणी देण्याचे असो वा भजनातल्या टाळांचे असो. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ज्याचे व्यसन जुने व जबर आहे, त्याने एकाएकी दारू सोडल्यास जिवावर बेतू शकते. व्यसन हा आजार आहे. त्याला वैद्यकीय साह्य लागते. डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात अथवा बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

कार्यालयातील धडा

आम्ही शासकीय कर्मचारी दुसऱ्यांना उपदेश करण्यात तरबेज असतो, म्हणून आमच्याकडेही पाहू. जुन्या सेवेतील सामान्य कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा त्याच्या भविष्य निर्वाह निधीत बऱ्यापैकी रक्कम साठलेली असते. तो मोठा काटकसरी असतो असे नाही. वेतन हातात पडण्यापूर्वीच वर्गणी कापली जाते, म्हणून ती साठते. तीच रक्कम आधी हातात देऊन नंतर स्वखुशीने भरा असे सांगितले असते, तर किती जणांनी भरली असती, याचा विचार ज्याचा त्याने करावा. गावातील स्वयंसाहाय्य गटांच्या भगिनी ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम गोळा करतात, त्यामागेही हेच रहस्य आहे. जे पैसे डब्यात राहिले नसते, ते गटात राहतात, कारण पासबुकाकडे दहा मैत्रिणींची नजर असते.

मग हाच नियम जनतेच्या कामालाही का लावू नये? सर्वांत जुना अर्ज टेबलावर सर्वांत वर राहील अशी व्यवस्था केली तर तो लवकर निकाली निघेल. लागणाऱ्या कागदपत्रांची यादी दाराबाहेर, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत, आपल्या भाषेत लावली तर खेडुताचे दोन हेलपाटे वाचतील. तत्परता हा गुण खरा. परंतु टेबलाची मांडणी चुकली तर गुणी माणसाच्या हातूनही विलंब होतो.

जेथे परिसर आपला नसतो

मये गावात हा विषय मांडताना एका गोष्टीकडे डोळेझाक केली तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. परिसर घडवावयाचा तर त्यावर आपला हक्क असावा लागतो. या गावच्या बहुतांश जमिनीचा इतिहास आपण जाणता. गोवा १९६१ साली मुक्त झाला. परंतु येथील पोर्तुगीजकालीन जमीनदारीची मालमत्ता स्थलांतरितांची मालमत्ता ठरून १९६४ च्या कायद्यान्वये कस्टोडियनच्या अखत्यारीत गेली. पिढ्यान्‌पिढ्या जेथे राहिलो, कसलो, ती भूमी आपल्या नावावर नाही, हे शल्य येथील लोकांनी अनेक दशके बाळगले आणि त्यासाठी लढा दिला. २०१४ साली विधानसभेने त्यासाठी कायदा केला आणि पुढे सनदा देण्याचे काम सुरू झाले.

ज्या घराचा कागद आपल्या नावाचा नाही, त्या घराला खिडकी पाडताना हात आखडतो. ज्या भाटात उद्याचा भरवसा नाही, तेथे माड लावताना माणूस दहादा विचार करतो. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीमुळे ज्यांना वर्षानुवर्षे दारे मिटून बसावे लागले, त्या डिचोली तालुक्यातील कुटुंबांना अंगणात मुलांचा अभ्यास घ्या, असे नुसते सांगून भागत नाही. म्हणून सवयींचा सारा भार एकट्या व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे होय. काही परिसर माणसाने घडवावयाचा असतो, काही गावाने आणि काही शासनाने. प्रत्येकाने आपला वाटा उचलला तरच दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरतो.

आपण काय करू शकतो

आता थोडक्यात काही सूचना करतो. एका वेळी एकच संकल्प धरावा. तो रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडावा. उदाहरणार्थ, सांजवात झाली की मुलांनी वही उघडावी. जे करावयाचे आहे त्याची साधने डोळ्यांसमोर व हाताशी ठेवावीत. जे टाळावयाचे आहे ते दूर, उंचावर वा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे. अभ्यासासाठी स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. सोप्याचा एक कोपरा, एक चटई, एक दिवा एवढे पुरते. मात्र तो कोपरा त्याच कामाचा राहावा. तेथे जेवण नाही, गप्पा नाहीत, भ्रमणध्वनी नाही. काही दिवसांनी मुलगा तेथे बसला की त्याचा हात आपोआप पुस्तकाकडे जाईल.

आणि सोबती शोधावा. एकट्याने पहाटे उठणे कठीण. शेजारच्या मुलाने हाक मारावयाची ठरली की सोपे. वडगावच्या गावकऱ्यांनी जे दीड तासासाठी केले, ते मये गावाच्या एखाद्या वाड्याने अर्ध्या तासासाठी करून पाहण्यास काय हरकत आहे? त्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. मंदिराची घंटा आणि चर्चची घंटा या गावाला परकी नाही. कोणती घंटा, किती वाजता आणि किती वेळ, हे आपल्या ग्रामसभेत स्त्रियांचे मत विचारून आपणच ठरवावे. वरून आलेला आदेश पहिल्या पावसात वाहून जातो. आपण केलेला ठराव टिकतो.

निदान ६६ दिवस तरी हा प्रयोग करावा. त्यात खंड पडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावा, आणि साध्य झाले नाही तर माणसे बदलण्याच्या भरीस न पडता व्यवस्थेत काय चुकले ते शोधावे. डिसेंबरअखेरच्या परीक्षेपूर्वी एका वाड्यातील दहा घरांनी जरी हे केले, तरी त्याचा परिणाम गुरुजींना वर्गातच दिसेल.

 प्रश्न असतील त्यांनी अवश्य विचारावेत.

जय हिंद! जय गोमंतक!